पवनचक्क्यांनी पाऊस पळवला म्हणता, मग २०१९ चा पूर कुठनं आला?

चार दिवस झाले आमच्या बेळगाव भागातल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरालाय. सौंदत्तीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या ढग ढकलतात म्हणून पाऊस पळाला, चक्की करायला जेवढी वीज लागते तेवढी ती जन्मात परत देत नाही, आणि छतावरच्या सोलरनं कॅन्सर होतो. माझ्या मामांनीपण पाठवला, आणि मामांची शेती कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरची, म्हणून हे नीट बसून लिहालोय.

आधी पाऊस. चक्कीचं पातं अगदी वर गेलं तरी जमिनीपासनं शे-दोनशे मीटर, आणि पावसाचा ढग कित्येक किलोमीटर उंच चढलेला असतो. डोंगरावर कधी ढग खाली टेकतात हे खरं, पण तेवढा मोठा ढग तीन पात्यांनी हलत नाही हो. आपल्याकडं पाऊस ठरवतो सह्याद्री. समुद्रावरनं आलेलं वारं घाट चढताना गार होतं आणि खानापूरच्या कणकुंबी, आमगावला धो धो ओतून मोकळं होतं, पुढं सौंदत्ती-रामदुर्गाकडं जाईपर्यंत त्यात फार काही उरत नाही. हे पिढ्यान्‌पिढ्या असंच आहे. १९७२ चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तेव्हा डोंगरावर एक तरी चक्की होती काय? आणि ऑगस्ट २०१९ ला याच चक्क्या फिरत असताना मलप्रभा, घटप्रभेला पूर येऊन रामदुर्ग, गोकाकात घरं बुडाली. चक्क्यांनी जमिनीलगतची हवा ढवळते, त्यानं रात्री आसपासची जमीन थोडी उबदार राहते, हे मोजलेलं आहे. पण ते तेवढंच.

विजेचं म्हणाल तर लोखंड, सिमेंटला ऊर्जा लागते, बरोबर, पण चक्की ती साधारण वर्षभरात फेडते आणि पुढं २०-२५ वर्षं चालते.

सोलरचं पॅनेल ऊन घेतं आणि त्याची डीसी वीज करतं, कॅन्सर करणारे किरण त्यातनं बाहेर पडत नाहीत. मात्र आतल्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून फुटलेलं पॅनेल भंगारात किंवा बांधावर टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेलपण धरलीत.

रोगाचीच काळजी असेल तर कोळशाकडं बघा की. एक युनिट विजेमागं कोळसा ८०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडतो, सोलर चाळीस-पन्नास आणि वारा दहा-बारा, तेसुद्धा बनवण्यापासनंचा सगळा हिशोब धरून. रायचूरला कोळशावर वीज होते, तसल्या ठिकाणची राख आणि बारीक धूळ छातीत जाते ती वेगळीच. आणि अपारंपरिक म्हणजे सगळंच स्वच्छ असंही मी म्हणत नाही. उसाचा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा, जाळून केलेली वीजपण त्यातच मोडते, पण गाळप सुरू झालं की आमच्या आईला वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी रोज झटकावी लागते, आणि शेजारच्या पोराचा दमा नेमका त्याच महिन्यांत उठतो. त्यावर एक मेसेज नाही!

चक्क्यांचा त्रास नाहीच असंही नाही. पात्यांना धडकून पक्षी मरतात, घर जवळ असलं की रात्री घूं घूं आवाज झोपू देत नाही. मामांना फोनवर म्हणालो, मेसेज पुढं ढकलू नका, पण कंपनीचा माणूस जागा बघायला आला तर चक्की घरापासनं किती लांब, रस्त्यासाठी किती झाडं जाणार आणि २५ वर्षांनी ते धूड कोण काढून नेणार, हे तेवढं लिहून घ्या.