‘रॉड सोडा, गॅसलेस मिग घ्या’: हा सल्ला खान्देशात कितपत टिकतो?

हौशी मंडळींमध्ये एक मेसेज सध्या फिरतोय: “रॉड वेल्डिंग जुनं झालं. गॅसलेस मिग घ्या, ट्रिगर दाबा, दोन दिवसांत शिका. वाऱ्यात चालतं, घरच्या प्लगवर चालतं, काळा गॉगल पुरे.” (रॉड म्हणजे लेप दिलेली, हाताने चालवायची कांडी. मिगमध्ये ट्रिगर दाबला की रिळावरची तार आपोआप पुढे येते; गॅसलेस म्हणजे सिलिंडरचा गॅस न लागणारी.)

वाऱ्याचं खरं आहे. तारेच्या पोटातला फ्लक्स, म्हणजे रासायनिक भुकटी, जळून वितळत्या टाक्याला हवेपासून आडोसा करतो. पण रॉडवरही फ्लक्सच असतो की! उघड्या खळ्यावर दोन्ही चालतात. पंचाईत होते ती गॅसवाल्या मिगची, कारण आडोशाचा गॅसच वाऱ्याने उडून जातो.

‘रॉड जुना झाला’ म्हणणाऱ्याने कामं बघावीत. ट्रॉलीचा फाळका, कोळप्याचा सांगाडा, गेटचा अँगल: लोखंड 3 ते 8 मिमी, वर गंज आणि माती. घासून पुसूनही थोडा गंज राहतोच, आणि 6013 नंबरचा, साध्या लोखंडाचा नेहमीचा रॉड तो बऱ्यापैकी निभावून नेतो. पावसाळ्यात रॉड ओलावला तर तासभर 80-100 अंशांवर तापवून वापरता येतो. तारेच्या उघड्या रिळावर गंज चढला की ती लायनरमध्ये, म्हणजे तार पुढे नेणाऱ्या नळीत, अडकत राहते. मात्र सगळी कामं 16 गेजच्या (दीडेक मिमी जाडीच्या) चौकोनी पाइपाचीच असतील, तर मिगच घ्या. रॉडने तिथे भोकं पडतात.

खरी फसगत ‘ट्रिगर दाबा’मध्ये आहे. मिगचा टाका वरून देखणा दिसतो आणि खाली पत्र्याला धरलेलाच नसतो. रॉडचा करंट कमी पडला तर तो चिकटतो, लगेच कळतं. तपासायचं तर 6 मिमीच्या दोन पट्ट्या ग्राइंडरने घासून टी आकारात एकाच बाजूने जोडा आणि हातोड्याने टाक्याच्या बाजूला वाकवा. टाका सोलून निघाला आणि खाली ग्राइंडरच्या रेघा तशाच दिसल्या, तर ते वेल्डिंग नव्हे, चिकटवणं. शिवाय गॅसलेस तारेला टॉर्च (हातातली ट्रिगरवाली बंदूक) मशीनच्या निगेटिव्हला लागते. जोडणी गॅसवाल्या तारेची, म्हणजे टॉर्च पॉझिटिव्हला, राहिली तर ठिणग्या उडतात आणि टाका वर फुगून बसतो. पुष्कळजण मग मशीनलाच शिव्या घालतात.

शिकायला 2.5 मिमी 6013 रॉड (बारा नंबर) घ्या, करंट 70 ते 85 अँपियर. रॉडचं टोक आणि लोखंड यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर. रॉडचा वरचा भाग चालीच्या दिशेने 15 अंश कलता. स्लॅग (फ्लक्सची वितळलेली मळी) पुढे पळाला तर करंट कमी किंवा रॉड फार उभा. कडेला चर पडली तर करंट जास्त किंवा अंतर जास्त. दोन दिवस कसले? किलोत पन्नासेक रॉड येतात. दोन किलो जाळल्याशिवाय खऱ्या कामाला हात लावू नका.

प्लगचं अर्धं खरं. 80 अँपियरला वेल्डिंग करताना लाइनमधून साधारण 13-15 अँपियर ओढले जातात, 16 चा सॉकेट पुरतो. 200 वर तेच 30 च्या पुढे जातं. एक्स्टेंशन लांब असेल तर चार चौरस मिमीची तांब्याची वायर, नाहीतर व्होल्टेज पडतं. मशीनवरचा 60 टक्के आकडा, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, 40 अंश तापमानासाठी असतो. भुसावळच्या मे महिन्यात सावलीतच त्याहून जास्त असतं. तेव्हा मशीनला जास्त विसावा द्या.

आणि गॉगल? तो गॅस कटिंगसाठी ठीक. आर्कला, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीला, शेड (काळेपणाचा नंबर) 10 किंवा 11 ची काच हवी, तीही पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये. चूक झाली तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री, खुपायला लागतं. बटाट्याच्या चकत्यांनी फार तर गारवा मिळेल. जखम डोळ्याच्या बुब्बुळावर असते, डॉक्टरला दाखवा.