नेहमीसारखं चाला

वयस्कर माणसाला ‘नेहमीसारखं चाला’ म्हणणं हे फोटोग्राफरनं ‘सहज हसा’ म्हणण्यासारखंच. सांगितलं रे सांगितलं की आजोबांची छाती पुढे येते, मान ताठ होते आणि मला मोजायची असते ती चाल घरातून पसार होते.

पडण्याचा धोका जोखायची ही चाचणी तशी साधी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १९९१पासून ती वापरात आहे. १२ किंवा जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरतात. साहित्य : हाताची खुर्ची, टेप, स्टॉपवॉच आणि गप्प राहू शकणारा एक नातेवाईक. पहिल्या तीन वस्तू मिळतात.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लॅस्टिकची असेल तर टाइल्सवर ती आजोबांच्या आधी निघते. सोफा नकोच, त्यातून तरणी माणसंही हातपाय मारतच बाहेर येतात. पायात रोजची चप्पल, काठी असेल तर काठीसकट. घड्याळ ‘चला’ म्हटल्यावर सुरू करायचं, पण आजोबा ‘तयार?’लाच निम्मं अंतर कापतात. म्हणून एक फेरी सरावाची, ती मोजायची नाही. मोजायच्या फेरीत मुलगा ‘बाबा, भरभर!’ ओरडतो, सून धावत येऊन दंड धरते आणि आजोबा तीन मीटरच्या खुणेपाशी थांबून ही चिकटपट्टी फरशीवरून निघेल ना, अशी चौकशी करतात.

खरं तर सेकंदांपेक्षा माझं लक्ष वळण्याकडे असतं. दोन-तीन पावलांत वळले की जागच्या जागी आठ-दहा बारीक पावलं टाकली? बसताना हातानं खुर्ची चाचपली की धपकन अंग टाकलं? हे घड्याळाला कळत नाही.

दुसरी चाचणी तीस सेकंदांची. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीतून, हात छातीवर फुलीसारखे धरून, जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषांत १२पेक्षा कमी, बायकांत १०पेक्षा कमी आलं तर ते सरासरीखाली. हाताचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य. आजींना हा नियम जुलमी वाटतो. ‘अगं आई गं’ म्हणण्याबद्दल मात्र नियमांत काही नाही, तेवढ्यावर त्या निभावून नेतात.

खरी करमणूक प्रश्नांना. ‘आंघोळ स्वतः करता?’ आजी ‘हो’ म्हणतात, त्यांच्या पाठीमागे सून नकारार्थी मान हलवते. दोघीही खऱ्या असतात. म्हणून प्रश्न फोडून विचारावा : बादली कोण भरतं? पाठ कोण चोळतं? ओल्या फरशीवरून बाहेर येताना कशाला धरता? उत्तर ‘टॉवेलच्या दांडीला’ असेल, तर ती दांडी हलवून पाहावी. ती बहुधा हातात येते.

‘स्वयंपाक करता का?’ यावर आजोबा दुखावून म्हणतात, ‘मी कधी केलाय?’ न जमणं आणि न करणं यांत फरक करावाच लागतो. रोजची कामं स्वतः जमतात का, हे विचारणाऱ्या १९६९च्या मूळ प्रश्नावलीत तर पुरुषांच्या गुणांत स्वयंपाक, घरकाम आणि धुणं धरलेलंच नव्हतं. ती अमेरिकेत तयार झाली, पण आपल्या आजोबांना विचारून केल्यासारखी वाटते. त्यांना औषधांचं विचारावं. सकाळची गोळी कोणती, हे डबी न बघता बायकोकडे बघून सांगितलं, की नोंद ‘मदतीने’ अशी करायची.

सगळ्यात अवघड काम मात्र आडवं पडण्याचं. उठल्यावर रक्तदाब उतरतो का, हे बघायला पाच मिनिटं न बोलता निजायचं, निजल्या निजल्याच एकदा मोजायचं, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २०नं किंवा खालचा १०नं उतरला तर डॉक्टरांना दाखवून गोळ्यांची यादी तपासून घ्यावी. गोळी आपणहून बंद करू नये. अडचण त्या पाच मिनिटांची. दुसऱ्या मिनिटाला बेल वाजते आणि घरात चार माणसं असताना दार उघडायला आजोबाच ताडकन उठतात. मग पुन्हा आडवं, पुन्हा पाच मिनिटं. बेल बंद करता येते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. ‘कोण आलं होतं?’ हे मात्र आधी सांगून टाकावं, नाहीतर रक्तदाब भलत्याच कारणानं चढलेला दिसतो.