सत्ती दाबून कशी बसावी

यंदा कोजागिरीला गच्चीवर मित्रमंडळी जमणार असतील, तर ब्रिज, रमी, मेंढीकोट असल्या डोकं लावायच्या खेळांच्या नादी लागू नका. बदाम सात खेळा. त्या रात्री अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचा खेळ, करून जागावं असं शास्त्रच सांगतं, त्यामुळे बसल्याबसल्या पुण्यही पदरात पडतं. हा खेळ दहा मिनिटांत शिकता येतो, एक डाव पंधरा मिनिटांत आटोपतो आणि वीस वर्षांची मैत्री संपायला साधारण तीन डाव लागतात.

पत्त्यांचा कॅट पिसा आणि सगळे 52 पत्ते वाटून टाका. चौघं असाल तर प्रत्येकी 13. पाच जण असाल तर दोघांना 11 आणि तिघांना 10. अकरावाल्यांनी आपली तक्रार इथेच तोंडी नोंदवून ठेवावी, हरल्यावर कामाला येते. ज्याच्याकडे बदामची सत्ती तो डाव उघडणार. मग तिच्या एका बाजूने छक्की, पंजी करत एक्क्यापर्यंत उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने अठ्ठी, नव्वी करत राजापर्यंत चढायचं. इस्पिक, किल्वर, चौकट यांचीही दारं आपापल्या सत्तीनेच उघडतात. लागणारा पत्ता हातात असेल तर तो लावायलाच हवा, नसेल तर ‘पास’. ज्याचे पत्ते आधी संपले तो सुटला. शेवटपर्यंत ज्याच्या हातात पत्ते राहतील त्याने मसाला दुधाचं पातेलं घासायचं. हे शेवटचं कलम फक्त आमच्या गच्चीपुरतं आहे, पण घ्यायला हरकत नाही.

इतकं सांगून झालं की कुणीतरी म्हणेल, ‘आमच्याकडे असं नसतं.’ त्याला थांबवू नका. खेळातला सर्वांत रंगतदार भाग हाच. डाव डावीकडून फिरवायचा की उजवीकडून, बदाम पूर्ण लागल्याशिवाय बाकीच्या सत्त्या टाकता येतात की नाही, एक्का दुर्रीच्या खाली की राजाच्या डोक्यावर, यावर दूध दोनदा उतू जाईपर्यंत बोला. भांडणातून चांगलंच निघतं. अमेरिकेत ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाचा एक न्हावी होता. क्रेझी एट्स या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून त्याचं मुलाशी वाजलं आणि त्यातून 1971 साली ऊनो जन्माला आला, असं सांगतात. आपल्याकडे घरोघरी इतकी वर्षं वाजतंय, पण नवा खेळ काही निघत नाही. आपण भांडणात कमी पडतो की काय, कोण जाणे.

आता मुद्द्याची गोष्ट. भाबडी माणसं लागेल तो पत्ता पटकन लावून मोकळी होतात. तुम्ही तसं करू नका. समजा तुमच्या हातात इस्पिकची सत्ती आहे. ती टाकली की समोरच्याची छक्की सुटते, शेजारणीची अठ्ठी सुटते, आणि तुम्हाला कोणी साधं थँक्यूही म्हणत नाही. तेव्हा दुसरा कुठलाही पत्ता लागत असेल तोवर सत्ती दाबून बसा. नियम मोडलेला नाही, खोटा पास म्हटलेला नाही, तुम्ही फक्त बदामची दश्शी लावलीत. समोरचा आपले पाच इस्पिक घेऊन घामाघूम झालेला असतो आणि तुम्ही सज्जन. कायद्यात राहून दुसऱ्याचा जीव मेटाकुटीला आणण्याची इतकी स्वच्छ संधी सोसायटीच्या कमिटीबाहेर सहसा मिळत नाही.

मात्र चेहरा सांभाळा. सत्ती दाबणाऱ्याने पत्ता टाकण्याआधी हातातले पत्ते दोनदा इकडून तिकडे करावेत, सुस्कारा सोडावा आणि ‘काय रे हे पत्ते’ असं स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं. कुणी वैतागून ‘अरे, इस्पिक कोण दाबून बसलंय?’ असं ओरडलं, तर आपणही त्याच्या जोडीने ओरडावं. चौकशी सुरू झाली की नजर बदामच्या राजाकडे लावावी. चारही राजांत त्या एकट्यालाच मिशी नाही, ही माहिती द्यावी. लोक पत्ता शोधून बघतात, दोन मिनिटं त्यावर चर्चा होते, तेवढ्यात आपली पाळी निघून जाते.

एक बारीकशी अडचण आहे, ती सांगून टाकतो. सत्ती दाबायची तर तिच्या रंगाचं टोक आपल्याच हातात नाही ना, हे आधी बघावं. राजा किंवा एक्का आपल्याकडे असेल, तर ज्या वाटेने तो बाहेर पडायचा तीच वाट आपण अडवून बसलेलो असतो. मी मागच्या कोजागिरीला हे बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं, पण समोरच्याच्या कपाळावरचा घाम बघण्यात जास्त मजा येत होती. मग माझे बाकीचे पत्ते संपले. दुसरं काही लागेना, तेव्हा नियमाप्रमाणे सत्ती टाकावीच लागली. एव्हाना सगळ्यांच्या हातात नुसते इस्पिकच साचले होते. एसटी फलाटाला लागल्यावर लोक आत घुसतात तसे ते पत्ते पडले. छक्की, अठ्ठी, पंजी, नव्वी, खाली एक्क्यापर्यंत. मी आपला पास, पास, पास. राणी ज्याच्याकडे होती त्याने ती सगळ्यांत शेवटी, अगदी सावकाश ठेवली, माझ्याकडे बघत. माझ्या हातात इस्पिकचा राजा, मिशीसकट.

तर एक लक्षात ठेवा. तळाला लागलेलं आटीव दूध तारेच्या घासणीने निघत नाही, उगाच पातेल्याला ओरखडे पडतात. पातेल्यात तळ बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून उकळी काढायची, गॅस बंद करून अर्धा तास तसंच ठेवायचं, मग लाकडी उलथन्याने खरवडायचं. वेलची आणि केशराचा वास मात्र दोन दिवस हाताला राहतो.