आजार लपवून घेतलेला विमा : एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

आदरणीय वाचक, सप्रेम नमस्कार.

पाकिस्तानातल्या सिंधमधून येऊन इंदुरात स्थायिक झालेल्या कुटुंबांना आरोग्य विमा समजावून सांगण्याचे जे काम आम्ही काही जण करतो, त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपला मुख्य आक्षेप असा आहे की, प्रपोजल फॉर्मवर प्रत्येक जुना आजार लिहायला लावून आम्ही या लोकांचे नुकसान करतो. सिंधी कॉलनीतल्या, मधुमेह असलेल्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना कंपनीने विमा नाकारला, हे उदाहरण आपण दिले आहे. एखाद्या मुरलेल्या एजंटाने शुगरचा उल्लेखच टाळला असता, पाच वर्षे निभावून नेली असती आणि त्यानंतर कंपनीला काही बोलता आले नसते, असे आपले म्हणणे आहे. शिवाय इंदुरातल्या एमवायसारखे (महाराजा यशवंतराव) सरकारी रुग्णालय असताना विमा कशाला, आणि आपल्याच माणसांकडे मोफत उपचारांचे सरकारी आयुष्मान कार्ड नसताना बाहेरून आलेल्यांसाठी ही धडपड का, हेही आपण विचारले आहे.

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो काळजीपोटी घेतलेला आहे, आणि पाच वर्षांचा जो नियम आपण सांगता तो खरोखर अस्तित्वात आहे. पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, ती विमा नियामकाने 2024 मध्ये पाचवर आणली. मात्र त्या नियमातून फसवणूक वगळलेली आहे. सिद्ध झालेल्या फसवणुकीला साठ महिन्यांनंतरही संरक्षण मिळत नाही, आणि रोज इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने ‘मधुमेह नाही’ असे लिहून देणे म्हणजे केवळ विसरभोळेपणा होता, हे पटवून देणे फार अवघड आहे.

त्याच वेळी आणखी एक बदल झाला, आणि आपल्या हिशेबात तो धरलेला दिसत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनीला जास्तीत जास्त चार वर्षे थांबवून ठेवता येत असे. ती मर्यादा आता तीन वर्षांवर आली आहे. म्हणजे ज्या बाईंनी शुगर आहे असे लिहून दिले आणि कंपनीने ते स्वीकारले, त्यांना फार तर छत्तीस महिन्यांनी त्या आजाराच्या उपचाराचा खर्च हक्काने मागता येतो. ज्यांनी लपवले त्यांना साठ महिने जीव मुठीत धरून बसावे लागते, आणि तेवढ्या काळात पायाची जखम चिघळली किंवा मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला, तर क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी खरे लिहिणाऱ्याची वाट दोन वर्षांनी कमी आहे.

लपवलेले बाहेर कसे येते, हेही सांगायला हवे, कारण पुष्कळ कुटुंबांची अशी समजूत असते की सख्खरच्या किंवा कराचीच्या डॉक्टरांचे कागद इथे कोण तपासणार. ते कागद कोणी मागवत नाही हे खरे आहे, पण त्यांची गरजही पडत नाही. रुग्ण दाखल होतो तेव्हा डॉक्टर विचारतात, शुगर किती वर्षांपासून आहे? आणि रुग्ण किंवा त्याची सून प्रामाणिकपणे सांगते, दहा वर्षांपासून. ते केस पेपरवर लिहिले जाते, आणि कंपनी क्लेम मंजूर करण्याआधी तोच कागद पाहते. डॉक्टरांना खरे सांगितल्याशिवाय नीट उपचार होत नाहीत आणि खरे सांगितले की फॉर्मवरचे खोटे उघडे पडते. आजारी माणसाला अशा कोंडीत लोटण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. जे कुटुंब घरदार विकून किंवा सोडून आले आहे, ज्याला अडीअडचणीला उसने देणारे नातलग सीमेपलीकडे राहिले आहेत, त्याला तर मुळीच नाही.

एजंटांविषयी माझ्या मनात अढी नाही. त्यांच्याकडे परवाना असतो, आमच्याकडे नाही, म्हणूनच आम्ही कोणत्याही कंपनीचे नाव सुचवत नाही आणि पैशाला हात लावत नाही. आम्ही एवढेच करतो की, माणूस एजंटासमोर बसण्यापूर्वी त्याला काय विचारायचे हे ठाऊक असावे, आणि बसल्यानंतर आपण कशाला होकार देत आहोत हे त्याला कळावे. आता फॉर्म बहुतेक वेळा एजंटाच्या मोबाइलवर भरला जातो, आजारांच्या प्रश्नांपुढे भराभर ‘नाही’ची खूण होते, आणि शेवटी ग्राहकाच्या फोनवर एक ओटीपी येतो. तो ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे आहे, ही गोष्ट अनेकांना क्लेम फेटाळला गेल्यावरच कळते. जबाबदारी मात्र ज्याच्या नावाने ओटीपी आला त्याचीच राहते. ‘एजंटाने भरले होते’ हे उत्तर सहसा टिकत नाही.

यात भाषेची अडचण आहे आणि ती आपल्याला वाटते त्याहून निराळी आहे. ही माणसे हिंदी उत्तम बोलतात, म्हणून त्यांना हिंदी कागद वाचता येत असेल असे आपण गृहीत धरतो. पण सिंधमध्ये शाळा शिकलेली प्रौढ पिढी सिंधी आणि उर्दू अरबी वळणाच्या लिपीत शिकलेली आहे; देवनागरी अनेकांना वाचता येत नाही. पॉलिसीसोबत जे ग्राहक माहिती पत्रक द्यावे लागते, ते मागितल्यास स्थानिक भाषेत मिळण्याची तरतूद 2024 च्या जानेवारीपासून आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु ज्यांना इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही सारखेच अनोळखी आहेत, त्यांच्यासाठी कोणीतरी शेजारी बसून ते मोठ्याने वाचावेच लागते. आमच्या बैठकीतला बहुतेक वेळ याच कामात जातो. खोलीच्या भाड्याची मर्यादा, मोतीबिंदूसारख्या ठरावीक शस्त्रक्रियांसाठीची वेगळी प्रतीक्षा, रुग्णाने स्वतः सोसायचा हिस्सा, ही वाक्ये वाचून झाली की लोक फार नेमके प्रश्न विचारतात. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हे ऐकून तर अनेकांना आश्चर्य वाटते.

ओळखीच्या कागदांचा गुंता याहून किचकट आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या या समुदायांना बँकखाते, पॅन आणि आधार घेण्याची मुभा केंद्राने 2016 मध्ये दिली. त्याच वर्षी नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना मिळाले, त्यांत इंदूर आणि भोपाळ होते. त्यामुळे खासगी विम्यासाठी लागणारे कागद यांच्याकडे असू शकतात. तरीही परदेशी नागरिकाला पॉलिसी देण्याविषयी प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असू शकते, म्हणून ‘आमच्याकडे चालते’ हे तोंडी उत्तर न स्वीकारता लेखी घ्यावे, असे आम्ही सांगतो. पासपोर्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, व्हिसाच्या कागदावर वडिलांचे नाव आणि बँकेत आडनाव, हे घरोघरी आढळते, आणि हप्ता भरताना कोणी हरकत घेत नसले तरी क्लेमच्या वेळी हेच फरक आडवे येतात. तारखांचाही घोळ असतो. सुधारित नागरिकत्व कायद्याचा लाभ 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांना आहे. 2025 च्या सप्टेंबरात निघालेल्या आदेशात 31 डिसेंबर 2024 ही तारीख आहे, पण तो आदेश पासपोर्ट-व्हिसाच्या अटींतून सूट देणारा आहे, नागरिकत्व देणारा नाही. या दोहोंची गल्लत करून फॉर्मवर ‘भारतीय’ असे लिहिणारी माणसे आम्ही वेळेवर थांबवली आहेत, आणि हे काम मला आजार लिहून घेण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

सरकारी रुग्णालयाबद्दल थोडक्यात लिहितो. एमवायमध्ये गरिबाला दार उघडे असते, याचा मलाही अभिमान आहे, आणि घटनेच्या एकविसाव्या कलमातला जीविताचा हक्क नागरिकापुरता नसून प्रत्येक व्यक्तीचा आहे. पण रात्री अपघात झाला की माणूस जवळच्या रुग्णालयात नेला जातो, आणि ते बहुधा खासगी असते.

आपल्या माणसांचे म्हणाल, तर त्याच बैठकीत रामबागेतले आणि लोकमान्य नगरातले मराठी आजी-आजोबाही येतात. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते, ही 2024 च्या ऑक्टोबरपासूनची सोय अनेकांना ठाऊक नसते, आणि समग्र आयडीतले (राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकातले) व आधारमधले नाव जुळवण्याची त्यांची अडचण सिंधी शेजाऱ्यांच्या अडचणीसारखीच असते. एकाचे काम केल्याने दुसऱ्याचे अडते, असे कधी झालेले नाही. आयुष्मानचा मूळ आधार 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेच्या यादीचा असल्यामुळे आणि आपल्या राज्यात त्यात संबल या असंघटित कामगारांच्या योजनेतली व स्वस्त धान्याची पात्रता पर्ची असलेली कुटुंबे जोडलेली असल्यामुळे, अलीकडे आलेली कुटुंबे त्या रांगेत उभीच राहू शकत नाहीत. म्हणूनच त्यांच्यासाठी दुसरी दारे शोधावी लागतात.

त्यांतले सर्वांत दुर्लक्षित दार ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे आहे. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात, अशा कारखान्यात किंवा दुकानात महिना एकवीस हजारांपर्यंत पगार घेणारा माणूस त्यात येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या मजुरीवर काम करणाऱ्या व्यक्तीची आहे, तिच्यात नागरिकत्वाची अट घातलेली नाही. जुन्या आजारासाठी थांबावेही लागत नाही. ‘तुझे कागद पक्के नाहीत, तुझे ईएसआय होणार नाही’ असे ऐकून गप्प बसलेली तरुण मुले मला सियागंजात आणि पिथमपुरात भेटली आहेत, आणि त्यांच्यासाठी मालकाशी नम्रपणे पण ठामपणे बोलणे हे कोणतीही पॉलिसी विकत घेण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

आता आपण उल्लेखिलेल्या बाईंविषयी. त्यांना नकार मिळाला याचे मलाही वाईट वाटते, आणि खरे लिहिल्यावर काहींना नकार मिळणार हे मी नाकारत नाही. त्यांनी कंपनीकडून नकाराचे कारण लेखी मागवावे आणि तीच खरी माहिती देऊन दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांकडे अर्ज करावा. मधुमेहाकडे सगळ्या कंपन्या एकाच दृष्टीने पाहत नाहीत, कोणी हप्ता वाढवून पॉलिसी देते, कोणी प्रतीक्षेची अट घालून. पुढे कधी क्लेम अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. या वाटेने जाताना फॉर्मवर लिहिलेला प्रत्येक खरा शब्द त्यांच्याच बाजूने उभा राहील. आपली त्यांच्याशी ओळख आहे, म्हणून एक विनंती करतो : त्यांचा मुलगा कुठे नोकरीला आहे आणि तिथे किती माणसे काम करतात, हे कृपया विचारून मला कळवा. त्याला ईएसआय लागू होत असेल आणि बाईंचे स्वतःचे उत्पन्न महिना नऊ हजारांच्या आत असेल, तर अवलंबित आई म्हणून त्यांचे नाव त्याच्या कार्डावर चढू शकते, आणि नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात त्यांच्या मधुमेहावर उपचार सुरू होऊ शकतात.