दार उघडणाऱ्याचा पगार

“बंद करा की मग! कशाला ओढत बसलाय?” शेठ एवढंच म्हणाला आणि बापूचा चहाचा हात तिथंच थांबला.

2024चा मार्च संपत आला होता. बापूच्या गावच्या वाचनालयाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता त्याच दिवशी खात्यावर पडलेला. बापू बँकेतनं रिटायर झालेला, म्हणून कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातल्या त्याच्या गावानं त्याला वाचनालयाचा खजिनदार करून टाकलाय. (गावाचं नाव लिहीत नाही. लिहून फरकही पडणार नाही, असली गावं जिल्ह्यात ढिगानं सापडतील.) पैसे आल्याचा आनंद करायचा सोडून बापू थकलेल्या बिलांची यादी वाचत होता. पेपरवाला, लाईट, ऑडिटर, रॅक दुरुस्त करणारा सुतार. त्यावर शेठचं हे वाक्य.

शेठचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. कट्ट्यावरचा सगळ्यात व्यवहारी माणूस आणि सगळ्यात आगाऊही.

“मर्दा, साठ टक्के वाढ मिळाली न्हवं तुमास्नी? पेपरात मोठा मथळा होता की.”

“मिळाली. दहा वर्षांनी मिळाली,” बापू म्हणाला. “आधीची वाढ 2012ची. तवा पन्नास टक्के झालती. मधल्या दहा वर्षांत पेपरचं बिल कुठनं कुठं गेलं, कादंबरी दीडशेची चारशेला गेली, आणि अनुदान हाय तिथंच. आता वाढलं, मान्य. आमचं वाचनालय क वर्गाचं. वर्षाला 96 हजार मिळायचे, आता 1 लाख 53 हजार 600 मिळत्यात.”

“मग? दीड लाख काय कमी हायत?”

बापू बँकवाला. त्यानं पेपराच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. अनुदानातला निम्मा पगारावर आणि निम्मा बाकीच्या खर्चावर. म्हणजे पगाराला वर्षाचे 76,800. महिन्याला 6,400. त्यात माणसं दोन, ग्रंथपाल बाई आणि एक शिपाई. दोघांत कसेही वाटून दिले तरी बाईंच्या हातात चार हजाराच्या आत-बाहेरच पडतात. ड वर्गाचं वाचनालय असेल तर वर्षाचं अनुदानच 48 हजार, त्यातले निम्मे पगाराला, म्हणजे महिना 2,000.

“दिवसाला सहासष्ट रुपये,” बापू म्हणाला. “रोजगार हमीवर खड्डा खणला तर आज 273 मिळत्यात.”

शेठ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आणि ह्या पैशांत बाई येत्यात?”

“सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. मधल्या वेळात शिलाई मशीन चालवत्यात.”

इथं वकीलसाहेबांनी तोंड घातलं. ते गेली कित्येक वर्षं शहरातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहेत, शिवाय कायदा म्हटला की त्यांना राहवत नाही. त्यांचं म्हणणं असं की घोळ मुळातच आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा. त्यानं सरकारनं स्वतः गावोगाव वाचनालयं काढली नाहीत. लोकांनी, संस्थांनी काढलेल्या वाचनालयांना मान्यता द्यायची, अ-ब-क-ड वर्ग पाडायचे आणि मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान द्यायचं, अशी रचना. उरलेले दहा टक्के वर्गणीतनं, देणग्यांतनं संस्थेनं उभे करायचे.

“म्हणजे वाचनालय संस्थेचं, पैसा सरकारचा, आणि नोकर कुणाचाच नाही,” वकील म्हणाले. “शाळेतल्या शिपायाला वेतनश्रेणी आहे. ह्यांना नाही. सरकारनंच नेमलेल्या पत्की समितीनं ती द्यायची शिफारस करून जमाना झाला.”

“कारण सरळ हाय,” शेठ म्हणाला. “अकरा-बारा हजार वाचनालयं. त्यातली खरी चालणारी किती? निम्मी तर तपासणीच्या दिवशी उघडत असतील.”

हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही, म्हणून कुणी लगेच अंगावर गेलं नाही. 2012ला सगळ्या राज्यात वाचनालयांची पडताळणी झाली, तेव्हा कागदावरची बरीच सापडली होती. पण तिची शिक्षा चालणाऱ्यांनाही झाली, हे शेठला ठाऊक नव्हतं. त्यानंतर कित्येक वर्षं नवी मान्यताही बंद आणि वर्गबदलही बंद. बापूच्या वाचनालयात पुस्तकं वाढली, सभासद वाढले, तरी ते क वर्गातच राहिलं. ब वर्ग मिळाला असता तर आज हिशेब वेगळा झाला असता. चोराला सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

निपाणीकर तोवर नुसता ऐकत होता. तो कर्नाटकातल्या निपाणीहून मंगळवारी मालाच्या खरेदीला येतो आणि जाताना कट्ट्यावर टेकतो. “आमच्याकडं बघा,” तो म्हणाला, “आमच्याकडं ग्रंथालयाचा करच हाय. घरपट्टीवर सहा टक्के. 1965च्या कायद्यापासनं. सरकारपुढं दरवर्षी हात पसरायचा प्रश्नच न्हाई.”

“आणखी एक कर?” शेठ उडालाच. “पाणीपट्टी, घरपट्टी, जीएसटी, आता पुस्तकपट्टी?”

“शंभर रुपये घरपट्टीला सहा रुपये. तुझ्या एका झेरॉक्सच्या पानाचा दर किती हाय?”

यावर हशा झाला, पण शेठ मागं हटेना. मग वकिलांनी आणखी तेल ओतलं. तमिळनाडू, आंध्र, केरळ, सगळीकडं घरपट्टीवर ग्रंथालय कर आहे. गोव्यानं 1993च्या कायद्यात तर दारू आणि बिअरवर अधिभार लावला.

“काय सांगताय!” बापूचा चेहरा त्या संध्याकाळी पहिल्यांदा खुलला. “म्हणजे आपली पोरं शनिवार-रविवारी गोव्याला जाऊन जे काय करत्यात ते वाचनालयासाठीच की!”

पुढची दहा मिनिटं चर्चा कुठल्या दिशेनं गेली ते लिहिण्यात अर्थ नाही. कोल्हापूरकरांनी आजवर गोव्यातली किती पुस्तकं खरेदी करून दिली असतील, याचा प्रत्येकानं आपापला अंदाज सांगितला.

पण करावर माझी शंका होती आणि ती मी बोलून दाखवली. बेंगळुरूत काय झालं? महापालिकेनं घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर वर्षानुवर्षं वसूल केला आणि ग्रंथालय खात्याकडं वेळेवर भरलाच नाही. थकबाकी शेकडो कोटींत गेली. लोकांनी पैसे दिले ते वाचनालयासाठी, मधल्यामध्ये खर्च झाले दुसरीकडंच.

निपाणीकरानं मान डोलावली. “खरं हाय. आणि दुसरं पण सांगतो. सरकारी वाचनालय म्हटलं की पुस्तकं कुठली यायची ते सरकार ठरवणार. आमच्या भागात मराठी वाचायचं असलं तर लोकांनी काढलेली जुनी वाचनालयंच कामाला येत्यात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय बघा. म्हणून तुमची पद्धत एकदम वाईट हाय असं मी म्हणणार न्हाई.”

हा मुद्दा मला पटला. करवाल्या राज्यांचं कौतुक करताना आपण हे विसरतो. आपल्याकडं वाचनालय गावाच्या मालकीचं वाटतं, निवडणुकीत पॅनेल पडतात, खजिनदार भांडतो, दिवाळी अंकांच्या योजनेला रांग लागते. ही आपलेपणाची मिळकत ताळेबंदात दिसत नाही, पण आहे. फक्त तिच्यावर ग्रंथपालाचं घर चालत नाही.

“तुमाला गंमत सांगू?” वकील म्हणाले. त्यांची गंमत नेहमी सनावळीचीच असते. “देशातला पहिला ग्रंथालय कायदा कुठला? मद्रासचा 1948चा म्हणतात लोक. पण त्याच्याही आधी, 1945ला, आपल्या कोल्हापूर संस्थानानं केला.”

“आणि आता आपण अनुदानाच्या हप्त्याची वाट बघतोय,” बापू.

मग ओघानं सयाजीराव आले. बडोद्यात 1910 साली त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून अख्ख्या संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. पैशाची रीत अशी, की गावानं वर्गणी गोळा करायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीनं घालायची आणि तेवढीच दरबारानं. तीन वाटे. गावाच्या खिशाला हात लागल्याशिवाय दरबाराची तिजोरी उघडणार नाही, आणि गावानं हात घातला की उघडलीच पाहिजे. शेठला हे भलतंच आवडलं. “हे व्यवहाराचं हाय. लोकांनी घातले तर सरकारनं घालायचे. आत्ता काय, नव्वद टक्के फुकट येत्यात म्हणून गाव झोपलंय.”

“गाव झोपलेलं न्हाई,” बापू चिडला. “महिना तीस रुपये वर्गणी. पन्नास केली तर निम्मी म्हातारी माणसं नाव काढत्यात. त्येंची पेन्शन न्हाई, ऊस बिलं थकल्यात. कुणाकडनं काढू?”

शेठ म्हणाला, इंग्लंडात तर म्हणे सगळं फुकट असतं, मग तिथं कसं चालतं? माझा मावसभाऊ बर्मिंगहॅमला असतो, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चालत नाही, मी सांगितलं. बर्मिंगहॅमनं 2013ला जवळपास 19 कोटी पौंड घालून शहराच्या मध्यावर टोलेजंग ग्रंथालय बांधलं. उद्घाटनाला मलाला आली होती. दोनच वर्षांत, 2015ला, आठवड्याला 73 तास उघडं असणारं ते ग्रंथालय 40 तासांवर आणलं, कारण माणसांच्या पगाराला पैसे नव्हते. 2023च्या सप्टेंबरात तर महापालिकेनंच हात वर केले. इंग्लंड आणि आसपास 2010 नंतरच्या दहा वर्षांत पावणेआठशेच्या आसपास ग्रंथालयं बंद पडली. काही ठिकाणी ती गावातल्या स्वयंसेवकांच्या हवाली केली, म्हणजे बिनपगारी.

“म्हणजे त्येंचं आता आपल्यासारखं झालं,” बापू म्हणाला.

मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त हेच खटकलं. बांधकामाला निधी मिळतो, कारण त्याची कोनशिला बसवता येते. पुस्तकांना मिळतो, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडनं ग्रंथभेट येते, आमदार फंडातनं कपाटं येतात, त्यावर आमदारांचं नाव ठळक रंगवलेलं असतं. दार उघडून सहा तास बसणाऱ्या माणसाला मात्र कुठल्याच योजनेत जागा नाही. आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री लागते ती त्याच्यावरच, मग ते बर्मिंगहॅम असो नाही तर करवीर तालुका.

एवढ्यात वकिलांची पुतणी गाडीवरनं आली, काकांना न्यायला. ती एमपीएससी करते, दिवसभर अभ्यासिकेत असते. विषय कळल्यावर म्हणाली, “काका, पैसे आहेत की. आमच्या अभ्यासिकेत महिना आठशे घेतात, तरी वेटिंग आहे. वाचनालयानं एक हॉल द्यावा, खुर्च्या, वायफाय आणि स्वच्छ बाथरूम. पोरं रांग लावतील.”

“बघ!” शेठनं मांडीवर थाप मारली. “हे मी मघापासनं सांगतोय. कादंबऱ्या काढा, टेबलं घाला.”

बापूनं कबूल केलं की त्यांनीही मागच्या वर्षी एका खोलीत अभ्यासिका सुरू केलीय. तीसएक मुलं येतात, दोनशे रुपये महिना. त्याच पैशांतनं लाईट बिल निघतं. पण आता मुलं म्हणतायत, वाचनकक्षही आम्हालाच द्या. सकाळी पेपर वाचायला येणारी माणसं खोकतात, बोलतात, मोठ्यानं बातम्या वाचतात.

“मग बरोबर आहे की त्यांचं,” पुतणी म्हणाली. “परीक्षा आमची आहे.”

“आणि वाचनालय कुणाचं?” बापू.

देवळाच्या आवारात गाळे काढून भाड्यावर पूजेचा खर्च भागवतात, तशी ही अभ्यासिका. काही गैर नाही. पण गाळे वाढत वाढत सभामंडपात शिरले तर पूजा कुठं करायची? पुतणीला हे मान्य नव्हतं. तिनं सरळ विचारलं, तुमच्या वाचनालयातनं पस्तिशीच्या आतला शेवटचा माणूस कादंबरी कधी घेऊन गेला? बापूनं आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, बायका नेतात. दुपारी, शेतावरनं आल्यावर. त्यांच्यात तिशीच्या पुष्कळ आहेत. स्वतः येत नाहीत, पोरांच्या हातनं चिठ्ठी पाठवतात आणि ग्रंथपाल बाई त्यांची आवड बघून पुस्तक निवडून देतात.

“म्हणजे बाई गेल्या की हे बंद,” वकील म्हणाले.

“व्हय. रजिस्टर कुणीबी लिहील. कुणाला काय द्यायचं ते त्याच सांगू शकत्यात.”

शेठ ह्यावर बराच वेळ काही बोलला नाही, जे क्वचित घडतं. मग त्यानं व्यापाऱ्याच्या पद्धतीनं तोडगा काढला. अभ्यासिकेची फी दोनशेची तीनशे करायची. शहरातल्या आठशेपेक्षा ती कमीच. वाढीव शंभर रुपये लाईट बिलात किंवा कपाटात न घालता फक्त बाईंच्या पगारात घालायचे, वेगळ्या खात्यावर, ठरावात तसं लिहून. तीस मुलं म्हणजे महिन्याला तीन हजार. सातेक हजारांपर्यंत तरी जाईल. आणि वाचनकक्षाला हात लावायचा नाही, हेही त्याच ठरावात.

पुतणी लगेच म्हणाली, “फी आम्ही भरायची आणि हॉल तुमचा? मग सकाळी सहाला दार उघडा. पेपरवाली माणसं आठला येतात. दोन तास तरी आम्हाला शांतता मिळेल.”

“सहाला उघडायला बाई येणार न्हाईत, घरात सासू आजारी हाय,” बापू म्हणाला. “किल्ली तुमच्यातल्या एकाकडं द्यायची का?”

वकिलांनी हरकत घेतली, किल्ली सभासदाशिवाय कुणाकडं देता येत नाही. “मग पोरास्नी सभासद करा,” शेठ म्हणाला, “तीस रुपये फीतच धरून टाका. सभासद वाढले की उद्या वर्गबदल सुरू झाल्यावर तेबी उपयोगी पडतील.” बापूनं तेही त्याच पेपरच्या कोपऱ्यात लिहून घेतलं आणि वार्षिक सभेचा अजेंडा निघण्याआधी वकिलांनी ठरावाचा मसुदा करून द्यावा असं ठरलं. दोन पॅनेलपैकी कुठलं विरोध करेल यावर पैज लागली. शेठनं दोन्ही पॅनेलांवर लावली.