मूळचा 'फार्मर' सातबाऱ्यावर नाही

थोर रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए हा 'सामान्य शेतकरी' होता, असं परवा एका मराठी मजकुरात वाचलं. भाषांतर करणाऱ्या मशीनला 'फार्मर जनरल' दिलं की दुसरं काय बाहेर पडणार! ८ मे १७९४ला पॅरिसमध्ये त्याचं मुंडकं उडवलं ते याच हुद्द्यापायी, आणि त्या हुद्द्याचा शेताशी काडीचा संबंध नव्हता. फ्रान्सच्या राजाचे कर गोळा करायचा मक्ता घेतलेली एक कंपनी होती. मिठावरचा कर, तंबाखूचा कर, पॅरिसच्या वेशीवरची जकात. राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि लोकांकडून त्याहून जास्त उकळायची. लव्हॉझिए १७६८पासून तिचा भागीदार, म्हणजेच 'फार्मर जनरल'. त्याच्याबरोबर त्या दिवशी आणखी २७ मक्तेदार गेले, त्यात त्याचा सासराही होता. गंमत म्हणजे फ्रेशिन या गावी त्याची स्वतःची प्रयोगशेती होती, खतांचे आणि गुरांचे हिशोब तो वर्षानुवर्षं ठेवायचा. पण त्यासाठी त्याला कोणी 'फार्मर' म्हणत नव्हतं.

कारण हा शब्द बांधावर जन्मलेलाच नाही, तो वहीखात्यातून आलाय. लॅटिनमध्ये 'फिर्मारे' म्हणजे पक्कं करणं. त्यावरून मध्ययुगात 'फिर्मा' म्हणजे पक्की ठरलेली रक्कम. तिचं फ्रेंचमध्ये 'फेर्म' झालं आणि तिथून ती इंग्रजीत गेली. इंग्लंडच्या १०८६च्या 'डूम्सडे' या जमीन-महसुलाच्या नोंदवहीत 'एका रात्रीची फिर्मा' असा एक देणं-प्रकार येतो: राजा लवाजम्यासह मुक्कामाला आला तर एका रात्रीचा शिधा, किंवा तेवढे पैसे. पुढे कितीतरी वर्षं फार्मर म्हणजे ठरावीक रक्कम भरून काहीतरी मक्त्याने घेणारा, मग ते कर असोत, जकात असो की जमीन. जमीन मक्त्याने घेणारेच गावोगाव जास्त, म्हणून हळूहळू जमिनीच्या त्या तुकड्यालाच फार्म म्हणू लागले. नांगरणी-पेरणीचा अर्थ अगदी शेवटी चिकटला.

आपल्या इतिहासातही हा फार्मर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलतींचा, म्हणजे एकेका भागाच्या वसुली-कारभाराचा, लिलाव व्हायचा. जास्त बोली लावेल त्याला मामलत. तो ती चढ्या भावानं खाली पोटमक्त्यानं द्यायचा, ते आणखी खाली, असं करत सगळा बोजा पाटलापर्यंत आणि पाटलाकडून रयतेवर. पेशवाई संपल्यावर इथला कारभार बघणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं, एल्फिन्स्टननं, १८१९च्या अहवालात ही उतरंड लिहून ठेवलीय. त्या काळच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत 'फार्मर' दिसला की आधी मक्तेदार समजायचं, शेतकरी नाही. आपला 'मक्ता' बघा, त्याचीही सुरुवात सरकारी वसुलीचीच. पण प्रमाण मराठीत त्याची झाली मक्तेदारी, म्हणजे बाजार एकट्याच्या मुठीत. फार्म मात्र वावरात जाऊन बसला.

आमच्या विदर्भात मक्ताही वावरातच आहे म्हणा. 'यंदा चार एकर मक्त्यानं केलं' हे वाक्य पाडव्याच्या आसपास कुठल्याही चावडीवर ऐकू येतं. दुसरीकडे त्याला ठोका म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात खंड. रक्कम ठरलेली, बहुतेक ठिकाणी आधीच मोजायची. पाऊस पडो न पडो.

मला जे म्हणायचंय ते इथे. शब्दाच्या मूळ अर्थानं बघितलं तर आज खरा फार्मर कोण? हा मक्त्यानं करणारा. आणि सरकारदरबारी नेमका तोच शेतकरी नाही!

कपाशीच्या बियाण्याच्या थैल्या तो आणतो, उधारीवर. डवरणी, फवारणी, वेचणी त्याची. गारपीट झाली की तलाठी पंचनाम्याला येतो, तेव्हा बांधावर हाच उभा असतो, झोपलेलं पीक हाच दाखवतो. कागदावर नाव मात्र सातबाऱ्यावरच्या मालकाचं, जो कदाचित पुण्यात किंवा नागपुरात नोकरीला आहे. भरपाई मालकाच्या खात्यात. पीककर्ज मालकाला. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० मालकाला. वरून राज्याचा हप्ता, तोही मालकालाच. पीकविमा काढायचा तर नोंदणीकृत भाडेकरार आणा म्हणतात. तो कोण करून देणार? आणि कर्जापायी यानं जीव दिला तर मदतीच्या प्रकरणात पहिला प्रश्न हाच, घरात कोणाच्या नावावर जमीन आहे का. नसेल तर अपात्र.

केंद्राच्या २००७च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. कूळ, वाटेकरी, शेतमजूर सगळे त्यात बसतात. धोरण कपाटात राहिलं, योजना सातबाऱ्यावर चालल्या.

आता मालकांना शिव्या घालायला कमेंटमध्ये गर्दी करू नका. त्यांची भीती खोटी नाही. १ एप्रिल १९५७ला पश्चिम महाराष्ट्रात 'कसेल त्याची जमीन' झाली, पुढे विदर्भातही कूळकायदा आला, आणि 'कूळ लागेल', म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती पिढ्यान् पिढ्या घराघरात मुरली. म्हणून सगळा व्यवहार तोंडी, फार तर अकरा महिन्यांच्या चिठ्ठीवर. कूळकायदा कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेला, आणि आज त्याच्याच भीतीनं कसणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही. २०१६ला नीती आयोगानं नमुना कायदा दिला होता: भाडेकरार लेखी, मालकी हक्काला धक्का नाही, आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा मिळेल. मला तो बऱ्यापैकी पटतो. भूमिहीनांच्या चळवळीतल्या काही मित्रांना पटत नाही, कंपन्या घुसतील म्हणतात. घुसतीलही. त्यासाठी भाडेपट्ट्यावर एकरांची मर्यादा घाला ना, पण कागद तरी होऊ द्या.

तुमच्या गावात मक्ता, ठोका, खंड, जे काही म्हणत असाल, त्याचा यंदा एकरी भाव काय चाललाय आणि कोणी मालक लेखी देतो का, एवढं खाली लिहा. तालुक्याचं नाव टाका, माणसांची नावं नकोत.