सत्तावन्न मिनिटं

माझी मागणी फार मोठी नव्हती. वर्षातून एक शनिवार, त्यातले रात्री साडेआठ ते साडेअकरा असे तीन तास, आणि तेवढा वेळ टीव्हीचा रिमोट माझ्या हातात. विम्बल्डनची महिलांची फायनल बघायची होती. पण अमळनेरच्या ज्या घरात टीव्ही एक, सासूबाई एक आणि क्रिकेटवेडा नवराही एकच आहे, तिथे सुनेनं रिमोट मागणं म्हणजे व्यापाऱ्याला 'काट्यात मारू नको' म्हणून सांगणं. आधी सगळे हसतात. मग 'बघू' म्हणतात.

पूर्वी ही फायनल आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला लागायची. देवाजवळ दिवा आणि वरणाला फोडणी यांच्यामधल्या फटीत एखादा सेट बसून जायचा. २०२५ साली विम्बल्डनवाल्यांनी वेळ पुढे ढकलली. तिकडचे दुपारचे चार, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. हा निर्णय घेताना त्यांनी कोणाकोणाला विचारलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण खानदेशातल्या एकाही सुनेला विचारलेलं नाही हे मी छातीठोकपणे सांगते. साडेआठला सासूबाईंची मालिका असते. त्या वेळी घरात चोर शिरला तरी त्याला जाहिरात लागेपर्यंत थांबावं लागेल.

त्यात तारीख १२ जुलै. त्याच दिवशी, त्याच लंडनात, लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड कसोटीचा तिसरा दिवस. चहापानानंतरचा खेळ आपल्या घड्याळात बरोब्बर साडेआठला सुरू होणार. जडेजा नाबाद. जडेजा नाबाद असताना आमचे हे आंघोळीलाही जात नाहीत.

मग वाटाघाटी झाल्या. ह्यांना शेवभाजीवर पटवलं. काळा मसाला घरी भाजून, तर्री वर आलेली, शिवाय कळण्याची भाकरी. ह्यांनी पंधरा मिनिटं विचार केल्यासारखं दाखवलं आणि जडेजाला मोबाईलवर बघायचं कबूल केलं. सासूबाईंचा दर जास्त होता. पुढचे तीन शनिवार त्यांच्या मालिकेच्या वेळी मी भांडी घासायची नाहीत, कारण आवाज येतो. दिले तीन शनिवार. राहिला पुण्यातला चिरंजीव. ॲप त्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या फोनवर. तीन वेळा फोन केला तेव्हा उचलला आणि म्हणतो, "आई, टेनिस कोण बघतं गं?"

कोण बघतं? मी बघते. १९८८ पासून बघते. सातवीत होते. गल्लीत एकच टीव्ही, काळा-पांढरा, तोही समोरच्या काकांकडे. स्टेफी ग्राफ विरुद्ध मार्टिना नवरातिलोवा. मार्टिनानं त्याआधी सलग सहा वर्षं विम्बल्डन जिंकलेलं. पहिला सेट तिनं घेतला, ७-५. पुढचे दोन ग्राफनं ६-२, ६-१ असे ओढून नेले. मला मात्र त्यातलं निम्मंच दिसलं. बाकी पडद्यावर मुंग्या. माझा भाऊ गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून उभा आणि खाली आम्ही दहा-बारा जण एका सुरात, "थोडा डावीकडं! थोडा डावीकडं! गेलं, गेलं! होता तिथंच ये!" ग्राफचा फोरहँड मी तेव्हा बघितला की ऐकला, हे आजही नक्की सांगता येणार नाही. पण जीव जडला तो जडला.

असो. त्या शनिवारी साडेसातला भाजी तयार, भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, ओटा पुसलेला. सव्वाआठला मी पदर खोचून दिवाणावर बसले, जणू सर्व्हिस मलाच करायची होती. एका बाजूला पोलंडची इगा श्वीऑन्तेक. पाच ग्रँडस्लॅम, म्हणजे टेनिसमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, खिशात, पण गवतावरचं, म्हणजे विम्बल्डनचं, एकही नाही. दुसऱ्या बाजूला अमेरिकेची अमांडा अनिसिमोवा. २०२३ साली मन थकलं म्हणून काही महिने रॅकेट खाली ठेवलेली पोरगी, आणि आता उपांत्य फेरीत पहिल्या क्रमांकाच्या सबालेंकाला तीन सेटमध्ये काढून आलेली. माझा हिशेब असा की ही मॅच अडीच तास तरी चालणार. म्हणूनच तीन तास मागितले होते. अर्धा तास वरखर्चाला.

सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. मालिका नाही तर नाही, सून कशासाठी एवढी पाघळली ते तरी बघावं.

मी म्हटलं, "आई, पहिला पॉइंट जिंकला की पंधरा. दुसरा जिंकला की तीस. तिसरा जिंकला की चाळीस."

सासूबाईंनी हयात कापसाच्या हिशेबात काढलेली. त्या थांबल्या. "पंधरा, तीस, मंग पंचेचाळीस. पाच कथा गयात?"

"ते तसंच असतं, आई."

"आडत कापी ऱ्हायनात," त्या म्हणाल्या, आणि इंग्रज लोकांविषयीचं त्यांचं मत कायम झालं.

त्यांना गोडी लागावी म्हणून मी सांगितलं, की ही पोलंडची मुलगी लहानपणापासून पास्त्यात स्ट्रॉबेरी घालून खाते, स्पर्धेत तिनं तसं सांगितलं आणि सगळं जग तोंडाला हात लावून बसलं. सासूबाईंना नवल वाटेना. "मंग? आपन नही का केळासमा पोळी चुरीसन खातस?" जळगाव जिल्ह्याच्या मातीत वाढलेल्या माणसाला फळ आणि पीठ एकत्र आल्याचं कसलं नवल! पुढे मी म्हटलं, की गुरुवारी तिथे तीस अंशांच्या उन्हात बघणाऱ्यांना भोवळ आली, खेळ थांबवावा लागला. यावर मोबाईलमधून मान वर न काढता हे म्हणाले, "तीस? भुसावळला तीस झालं की लोक गोधडी काढतात."

खेळाडू मैदानावर आल्या. जाळ्याजवळ नाणं उडालं. मी रिमोटनं आवाज दोन घरं वाढवला.

आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीतून 'फट्ट' असा आवाज आला.

खानदेशात वाढलेल्या माणसाला डीपीचा आवाज ऐकूनच कळतं की लाईट किती वेळाची गेली. नुसती डोळा मिटून गेली असेल तर पाच मिनिटं. 'टक्' झालं तर पंधरा. हा 'फट्ट' होता, आणि त्यामागून गल्लीतली पोरं ओरडली, "जाळ झाला, जाळ!" म्हणजे वायरमन आता जेवून, हात धुवून, शिडी शोधून येणार.

"इन्व्हर्टर!" मी ओरडले.

अंधारात ह्यांच्या बाजूला शांतता. फारच शांतता. मे महिन्यापासून मी सांगत होते, बॅटरीतलं पाणी संपलंय, डिस्टिल्ड वॉटरची कॅन आणा. कॅन आली होती. जिन्याखाली होती. तिचं सील अजून फोडायचं होतं.

टीव्ही गेला, वायफाय गेलं. ह्यांचा मोबाईल जडेजानं गरम करून बंद पाडलेला. माझ्या मोबाईलला रेंज एक काडी, तीही घरात नाही, गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ. माझे गुडघे जिने चढायचे राहिलेले नाहीत, म्हणून खालच्या मजल्यावरच्या पुतण्याला फोन देऊन वर पिटाळलं आणि मी जिन्याच्या तोंडाशी मेणबत्ती घेऊन उभी राहिले. सदतीस वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण गच्चीवर एक पोरगा आणि खाली मी, हे काही बदललं नाही.

"काकू, दोन-शून्य!"

"कोणाचे दोन?"

"त्या पोलंडवालीचे."

ठीक आहे, सुरुवात आहे.

"काकू, चार-शून्य!"

"बघ नीट. जुनं दिसत असेल."

"काकू, सहा-शून्य. सेट संपला."

"अरे रिफ्रेश कर की! नेट अडकलंय!"

त्यानं रिफ्रेश केलं. विमानाचं चिन्ह दाबून फोन झोपवला, उठवला. टाकीला प्रदक्षिणा घातली. कठड्यावर चढला, तेव्हा खालून त्याच्या आईनं त्याला आणि मला मिळून एकच शिवी दिली.

"काकू, दुसऱ्या सेटमध्ये तीन-शून्य. पण त्या अमेरिकेवालीचा शून्य हलतच नाही."

"तेच तर सांगतेय, हँग झालाय! फोन बंद करून चालू कर!"

माझा बिचारीच्या शून्यावर विश्वासच नव्हता. सबालेंकाला हरवून आलेली पोरगी एक गेमसुद्धा जिंकत नाही, हे कसं शक्य आहे? त्यापेक्षा आमच्या गच्चीवरचं नेट अडकणं मला कितीतरी जवळचं वाटत होतं. फोन बंद झाला. चालू व्हायला त्यानं चार मिनिटं घेतली. बॅटरी तीन टक्के.

मग वरून बराच वेळ काही आवाज नाही. शेवटी पुतण्या एकेक पायरी उतरत खाली आला आणि वाईट निकाल सांगणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "काकू, संपली. सहा-शून्य, सहा-शून्य. सत्तावन्न मिनिटं."

मी मेणबत्तीकडे बघत राहिले. मेण हातावर ओघळलं तेव्हा भानावर आले.

पावणेदहाला लाईट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला, मी वाढवून ठेवलेला आवाज घेऊनच. तिकडचा समालोचक घर दणाणून टाकत सांगत होता, की विम्बल्डनच्या महिलांच्या फायनलमध्ये असा निकाल याआधी १९११ साली लागला होता. एकशे चौदा वर्षांनी पुन्हा! १९११ मध्ये आमच्या गल्लीत वीज नसणारच. २०२५ मध्ये होती, फक्त तो एक तास सोडून. म्हणजे हा चमत्कार दोनदा घडला आणि दोन्ही वेळा आमच्या घरात अंधार.

पडद्यावर अनिसिमोवा माईकसमोर उभी होती आणि तिला बोलता येत नव्हतं. डोळे पुसायची, आभाळाकडे बघायची, पुन्हा पुसायची.

सासूबाई एकदम सरसावून बसल्या. "हाई पोर काब्रं रडी ऱ्हायनी?"

"हरली, आई. आणि तिची आई आजच सकाळी विमानानं आली तिचा खेळ बघायला."

"माय वं!" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. तीन वर्षांत त्यांच्या मालिकेला जे जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं होतं. "मायले बलाई आनि असं व्हयनं... तिले काही खावाले दिधं का नही कोनी?"

मग वेल्सच्या राजकन्येनं श्वीऑन्तेकच्या हातात ते प्रसिद्ध ताट दिलं. चांदीचं, वर सोन्याचा मुलामा, १८६४ साली घडवलेलं, नक्षीकाम असं की नजर ठरत नाही.

"ताट?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. पण ते घरी नेता येत नाही. खरं तिथंच राहतं, हिला लहान नक्कल मिळते."

"म्हंजे रुखवतनं," त्या म्हणाल्या. त्यांना सगळं समजलं होतं. मांडवात दाखवायचं आणि परत फडताळात.

ह्यांनी तेवढ्यात बक्षिसाची रक्कम ऐकली. तीस लाख पौंड. मनातल्या मनात भागाकार झाला. "मिनिटाला पन्नास हजार पौंडांच्या वर!" मग घसा खाकरून, "आणि पुरुषांना पाच सेट खेळून तेवढेच?"

२००७ पासून तेवढेच आहेत, आणि एक तासाचं काम एका तासात उरकणाऱ्या बाईला कमी पैसे का द्यायचे, हे मला विचारायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "ती कॅन जिन्याखालून कधी निघणार?" पैशांचा विषय तिथेच संपला. हे चार्जरला लावलेल्या मोबाईलकडे वळले. रात्री कळलं, की लॉर्ड्सवर दोन्ही संघांचा पहिला डाव बरोबर ३८७ वर संपला. दिवसभर खेळून फरक शून्य. त्या रात्री लंडनहून आमच्या घरी आलं ते सगळं शून्यच.

मी गार शेवभाजी गरम करायला उठले. रात्री उशिरा मॅच पुन्हा दाखवतील, तेव्हा पूर्ण बघू असा बेत होता. माझे दोन तास अजून शिल्लक होते. वळून बघते तर रिमोट सासूबाईंच्या हातात.

"आई, अहो, माझे साडेअकरापर्यंत..."

"तीन तास मांगेल व्हतात ना तू? तुनी मॅच तासभरमा आटपी गयी. उरेल दोन तास मना." त्यांनी बटण दाबलं. साडेदहाला मालिका पुन्हा लागते, हे त्या अंधारातही विसरल्या नव्हत्या. आवाज मी वाढवलेला होताच. जरा वेळानं, पडद्यावरची नजर न हटवता म्हणाल्या, "आनि पुढला तीन शनवार बी, बरं का."